भरती-ओहोटीचं मॉडेल: सॉफ्टवेअर निवडण्याआधी गेजचं घड्याळ तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका बंदरातल्या टाइड गेजच्या, म्हणजे पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्राच्या, १४ महिन्यांच्या नोंदी हाती आहेत, दर १० मिनिटांना एक. मध्ये तीन आठवड्यांचा खंड आहे. त्यावरून पुढच्या वर्षाची भरती-ओहोटी सांगायची आहे. शिवाय बंदराच्या आजूबाजूच्या साठेक किलोमीटर किनाऱ्यावर, जिथे गेज नाही, तिथलीही पातळी हवी आहे. टी-टाइड, यूटाइड, पायटीएमडी, ओटीआयएस, डेल्फ्ट३डी यांतलं काय घ्यावं? आणि यूटाइड चालवून पाहिलं तर अंदाज काही दिवस ३० सेंटीमीटरपर्यंत चुकतो, तो का?

सॉफ्टवेअर कुठलं, हे दोन वाक्यांत सांगता येईल. ३० सेंटीमीटर कुठून आले, याला मात्र वेळ लागेल, आणि खरं काम तिथेच आहे.

आधी यादीचा गुंता सोडवू. ही पाच नावं एकाच जातीची नाहीत. टी-टाइड आणि यूटाइड एका ठिकाणच्या नोंदीतून त्या ठिकाणचे घटक, म्हणजे जिची बेरीज होऊन भरती बनते त्या ठराविक कालावधीच्या एकेक लाटा, काढतात आणि त्याच ठिकाणाबद्दल बोलतात, शंभर मीटर पलीकडचं त्यांना काही ठाऊक नसतं. पायटीएमडी हे इतरांनी तयार केलेली जागतिक मॉडेल्स वाचून हव्या त्या ठिकाणची आणि वेळेची भरती काढून देणारं साधन आहे. तुमच्या नोंदी ते वापरत नाही. डेल्फ्ट३डी समुद्राच्या तळाचा आकार आणि सीमेवरची भरती घेऊन पाणी आत कसं सरकतं ते सोडवतं. ओटीआयएस पाण्याच्या गतीची समीकरणं आणि निरीक्षणं यांचा मेळ घालतं. म्हणजे 'यांतलं कुठलं' असा प्रश्नच नाही. तुम्हाला पहिल्या जातीतलं एक आणि दुसऱ्या जातीतलं एक लागेल. तिसऱ्या जातीतलं, म्हणजे डेल्फ्ट३डी किंवा ओटीआयएस, बहुधा लागणार नाही.

पहिल्या जातीत यूटाइड घ्या. दोन्हींचं मूळ एकच आहे: कॅनडात फोरमन यांनी १९७७ मध्ये लिहिलेला फोर्ट्रान प्रोग्राम. २००२ मध्ये पावलोविच, बीअर्ड्स्ली आणि लेंट्झ यांनी तो मॅटलॅबमध्ये आणला, ते टी-टाइड. २०११ मध्ये कोडिगा यांनी यूटाइड दिलं, ज्याची आता पायथॉन आवृत्तीही आहे. टी-टाइडला समान अंतरावरच्या वेळा लागतात, यूटाइडला वेळा कशाही चालतात. अधूनमधून येणाऱ्या वेड्यावाकड्या आकड्यांचं वजन कमी करणारी रोबस्ट पद्धतही त्यात आहे. पायथॉनमध्ये ती आपणहून लागू होत नाही, मागावी लागते. टी-टाइड वापरणारच असाल तर सुरुवातीची वेळ आणि अक्षांश दोन्ही द्या. अक्षांश दिला नाही तर नोडल दुरुस्ती होत नाही आणि प्रोग्राम त्याबद्दल तक्रारही करत नाही.

नोडल दुरुस्ती म्हणजे काय, तर चंद्राच्या कक्षेचा कल १८.६ वर्षांच्या चक्रात बदलतो आणि त्याबरोबर घटकांचा आयामही (मध्य पातळीपासूनची लाटेची उंची). एम२, म्हणजे चंद्रामुळे दिवसातून दोनदा येणारा मुख्य घटक, साधारण ३.७ टक्के वर-खाली होतो, ओ१, म्हणजे चंद्राचाच पण दिवसातून एकदा येणारा, मात्र जवळपास १९ टक्के. एका वर्षाच्या नोंदीवरून पुढच्याच वर्षाचा अंदाज करताना ही चूक लपून जाते, आठ-नऊ वर्षं पुढे गेलात की उघडी पडते.

आता ही साधनं नेमकं करतात काय? भरतीच्या घटकांच्या वारंवारता आपल्याला शोधायच्या नसतात. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी यांच्या गतीवरून त्या आधीच माहीत असतात. एम२ दर १२.४२ तासांनी येतो, सूर्याचा एस२ बरोबर १२ तासांनी, चंद्र-सूर्य दोघांचा के१ २३.९३ आणि ओ१ २५.८२ तासांनी. माहीत नसतात ते प्रत्येक घटकाचा त्या ठिकाणचा आयाम आणि फेज (लाटेचा माथा कधी येतो ते, अंशांत). ते लीस्ट स्क्वेअर्सनं, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील असे, बसवायचे. केल्विननं १८७२ मध्ये बनवलेल्या यंत्रात प्रत्येक घटकाला एक चाक आणि कप्पी होती, आणि सगळ्या कप्प्यांवरून गेलेली एक दोरी त्यांची बेरीज करून कागदावर वक्र काढायची. आजचा अंदाजाचा कोड तीच बेरीज करतो.

नोंद किती लांब हवी, हे कोणते दोन घटक वेगळे ओळखायचे आहेत यावर ठरतं. एम२ आणि एस२ वेगळे व्हायला १४.७७ दिवस लागतात. उधाणाच्या भरतीपासून पुढच्या उधाणापर्यंत तेवढाच काळ जातो, कारण उधाण आणि भांग म्हणजे या दोघांचं एकमेकांत मिसळणं आणि विरोधात जाणं. एम२ आणि एन२ साठी २७.५५ दिवस. एस२ आणि के२, तसेच के१ आणि पी१, यांच्यासाठी १८२.६ दिवस. तुमच्याकडे १४ महिने आहेत, म्हणजे नेहमीच्या घटकांसाठी भरपूर. फोरमनच्या यादीत ४५ खगोलीय आणि १०१ उथळ पाण्यातले घटक आहेत म्हणून सगळेच बसवायला जाऊ नका. ज्यांचा आयाम स्वतःच्या अनिश्चिततेपेक्षा दुपटीनंही मोठा नाही, ते अंदाजात ठेवून फक्त गोंगाट वाढतो. वार्षिक घटक एसए चांगला दिसेल, पण १४ महिन्यांतून निघालेला एसए म्हणजे त्या एका वर्षाचं हवामान. शक्य असेल तर तो जवळच्या जुन्या, लांब नोंदीतून घ्या.

आता ते ३० सेंटीमीटर.

निरीक्षणातून अंदाज वजा केला की जे उरतं, त्याला मी शिल्लक म्हणतो. बरेच जण शिल्लकीचा एकच आकडा काढतात, वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, आणि तो पाहून खूश किंवा नाराज होतात. त्याऐवजी शिल्लक काढून कागदावर पसरा आणि तिचा आकार बघा. दोन-तीन दिवस हळूहळू चढून उतरणारा एकच उंचवटा असेल, तर तो वारा आणि हवेचा दाब आहे. दाब १ हेक्टोपास्कलनं कमी झाला की पाणी साधारण १ सेंटीमीटर वर येतं. वादळी आठवड्यात दाबाचे २० आणि वाऱ्यानं किनाऱ्याशी ढकललेलं पाणी मिळून ३० सेंटीमीटर सहज होतात. त्यात तुमच्या मॉडेलचा दोष नाही. भरतीचं सॉफ्टवेअर हवामान सांगत नाही आणि त्यानं ते सांगूही नये.

पण शिल्लक दिवसातून दोनदा वर-खाली होत असेल, उधाणाला फुगत असेल आणि भांगाला आक्रसत असेल, तर ती भरतीच आहे, जी अंदाजातून निसटली. आणि इथे मला तुमच्या प्रश्नातले 'तीन आठवड्यांचा खंड' हे शब्द खटकतात. खंड का पडला? गेज काढून दुरुस्तीला नेलं होतं का? सेन्सर बदलला का? परत बसवताना घड्याळ कोणी लावलं, आणि कोणत्या वेळेवर?

तपासायची रीत सोपी आहे. खंडाच्या आधीची आणि नंतरची नोंद वेगवेगळी यूटाइडमध्ये घाला. प्रत्येक तुकडा १८२.६ दिवसांपेक्षा लांब असला की पी१ आणि के२ चीही काळजी नको. मग दोन्हींचे फेज शेजारी मांडा. समजा, एम२ मध्ये १४.५ अंशांचा फरक निघाला, एस२ मध्ये १५, के१ मध्ये ७.५ आणि ओ१ मध्ये ७. हे आकडे योगायोगानं असे येत नाहीत. एम२ तासाला २८.९८ अंश सरकतो, एस२ ३०, के१ १५.०४, ओ१ १३.९४. प्रत्येक फरकाला त्या घटकाच्या वेगानं भागा, सगळीकडे अर्धा तास येतो. म्हणजे घड्याळ अर्ध्या तासानं हललं आहे. समुद्र असं करत नाही. खरा भौतिक बदल, म्हणजे गाळ काढणं किंवा नवा बंधारा, सगळ्या घटकांना सहसा इतक्या शिस्तीत एकाच वेळेनं मागे-पुढे सारत नाही आणि बहुधा आयामही बदलतो.

आता हे दोन तुकडे एकत्र घालून विश्लेषण केलं तर काय होतं ते पाहा. एम२ चा आयाम १.५ मीटर धरू. लीस्ट स्क्वेअर्स दोन्हींच्या मधली फेज निवडतं. त्यामुळे पहिला भाग पाव तास एका बाजूला चुकतो, दुसरा पाव तास दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींकडे एम२ च्याच वारंवारतेची सुमारे १९ सेंटीमीटर आयामाची शिल्लक राहते. उधाणाला एस२ चा वाटा त्यात मिळाला की तुमचे ३० सेंटीमीटर पुरे होतात. १० मिनिटांची चूकसुद्धा १.५ मीटरच्या एम२ मध्ये १३ सेंटीमीटर देते. म्हणून अंदाज वाईट आला की घटक वाढवत बसण्यापेक्षा वेळेचा रकाना आधी बघा.

हे मी शिकलो ते स्वतःचं डोकं आपटून. एका कामात नदीमुखाजवळच्या गेजशी मॉडेल जुळेना, म्हणून दोन आठवडे तळाचं घर्षण बदलत बसलो होतो. थोडं जुळायचं, मग दुसरीकडे बिघडायचं. शेवटी कळलं की उपकरण दहा मिनिटांची सरासरी घेऊन तिला सरासरीच्या सुरुवातीची वेळ देत होतं, आणि नवा सेन्सर बसल्यावर शेवटाची देऊ लागलं. फायलीच्या माथ्यावर याचा एक शब्द नव्हता. घर्षणाचे ते सगळे प्रयोग टाकून दिले.

खंडाच्या दोन बाजूंना शून्य पातळीही वेगळी असू शकते. त्यानं एम२ ला फारसा धक्का लागत नाही, पण एसए आणि सरासरी पातळी बिघडते. दोन भागांच्या सरासरीतल्या फरकावरून मात्र शून्य हललं असं ठरवू नका, कारण ऋतूनुसार सरासरी तशीही बदलते. बेंचमार्कपासून (जमिनीवरच्या पक्क्या उंचीच्या खुणेपासून) केलेल्या लेव्हलिंगची, म्हणजे उंचीच्या मोजणीची, नोंद मागवा. ती नसेल तर दोन भागांना वेगळी सरासरी बसवून पुढे जा.

दोन्ही तुकड्यांचे फेज जुळले, तरी शिल्लक उधाणाला फुगतेच आहे, असंही होईल. मग दोनच संशयित उरतात. पाणी उथळ असेल तर एम४, एमएस४ यांसारखे घटक मोठे होतात. ते यादीत आहेत का बघा. नदीचं पाणी येत असेल तर पुरात भरतीचा आयामच बदलतो, आणि स्थिर घटकांची कल्पनाच तिथे तोकडी पडते. त्यासाठी टी-टाइडवर आधारलेलं एनएस-टाइड आहे, जे नदीचा प्रवाह हिशेबात घेतं. बंदर खुल्या किनाऱ्यावर असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता साठ किलोमीटर किनारा. इथे जागतिक मॉडेल्स कामाला येतात, आणि ती कुठून आली हे माहीत असलं की त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. १९९२ मध्ये टोपेक्स/पोसायडन उपग्रह अवकाशात गेला, त्याच्या मागोमाग त्याच कक्षेत जेसन मालिका, आणि २०२० मध्ये सेंटिनेल-६. त्यांचे अल्टिमीटर, म्हणजे समुद्राची उंची मोजणारे रडार, त्याच जागेवर दर ९.९ दिवसांनी येतात. बारा तासांची भरती दहा दिवसांतून एकदा मोजायची, हे वेड्यासारखं वाटतं. पण कक्षा मुद्दाम अशी निवडली होती की एम२ ६२ दिवसांच्या लाटेसारखा दिसतो आणि एस२ ५८.७ दिवसांच्या. दोघांना वेगळं करायला जवळजवळ तीन वर्षं लागतात, आणि आज तर तीस वर्षांहून जास्त नोंद आहे. के१ १७३ दिवसांवर जाऊन बसतो, अर्धवार्षिक ऋतुचक्राच्या इतका जवळ, की त्यांना सोडवायला नऊ वर्षं लागली. ज्या उपग्रहांची कक्षा सूर्याशी बांधलेली असते त्यांना एस२ दिसतच नाही, कारण ते दरवेळी दिवसाच्या त्याच घटकेला येतात.

उपग्रहांच्या वाटा विषुववृत्तावर एकमेकींपासून सुमारे ३१५ किलोमीटर दूर असतात. मधली जागा पाण्याच्या गतीची समीकरणं भरून काढतात. खोल समुद्रात हे झकास जमतं. २०१४ च्या एका मोठ्या तुलनेत प्रमुख घटकांची एकत्रित चूक खोल पाण्यात ०.९ सेंटीमीटर निघाली, उथळ शेल्फवर (खंडाच्या कडेच्या उथळ समुद्रात) ५ आणि किनाऱ्याजवळ ६.५. तुम्हाला हवा आहे तो तिसरा आकडा, आणि तो सरासरी आहे. तुमच्या खाडीत तो याहून कितीतरी मोठा असू शकतो.

मॉडेल कोणतं? टीपीएक्सओ९-ॲटलसची जाळी १/३० अंशाची आहे, विषुववृत्तावर ३.७ किलोमीटर. एफईएस२०१४ १/१६ अंशाची, आणि ईओटी२० १/८ अंशाची, पण तीत किनाऱ्याजवळच्या अल्टिमीटर डेटावर जास्त मेहनत आहे. बारीक जाळी म्हणजे जास्त अचूक, असं समजू नका. मी दोन-तीन मॉडेल्स काढतो आणि ती एकमेकांशी किती जुळतात ते बघतो. ती जुळत नसतील तिथे कुणावरच विश्वास ठेवत नाही. ईओटी२० खुली आहे, टीपीएक्सओसाठी नोंदणी करावी लागते आणि व्यावसायिक कामाच्या अटी वेगळ्या आहेत. पायटीएमडी ही सगळी वाचतं. किनाऱ्याला चिकटलेल्या बिंदूवर जाळीत पाणीच नसेल, तर ते जवळच्या पाण्यातल्या किमतीवरून पुढे ताणून उत्तर देऊ शकतं. असं केलेले बिंदू वेगळे खूण करून ठेवा.

मग जोडणी अशी करा. तुमच्या गेजच्या जागी मॉडेलचे घटक काढा आणि यूटाइडच्या घटकांशी तुलना करा. एम२ चा आयाम मॉडेलमध्ये १.४२ मीटर आणि गेजवर १.५०, फेज ४ अंशांनी मागे, असं काही निघेल. हे गुणोत्तर आणि फेजचा फरक घेऊन किनाऱ्यावरच्या इतर बिंदूंचे मॉडेलचे घटक त्याच प्रमाणात सुधारा, प्रत्येक घटक वेगळा. खुल्या, सरळ किनाऱ्यावर ही गावठी दुरुस्ती आश्चर्य वाटावं इतकी चांगली चालते. एक खबरदारी: त्या मॉडेलनं तुमच्याच बंदराचा गेज आधी आत घेतलेला नाही ना, ते बघा. एफईएस२०१४ मध्ये अल्टिमीटरबरोबर टाइड गेजही वापरले आहेत. तिथे मॉडेल गेजशी जुळलं म्हणून शाबासकी देण्यात अर्थ नाही, उत्तरपत्रिका आधीच त्याच्या हातात होती.

आणखी एक बारीक गोष्ट. भरतीच्या पाण्याच्या वजनानं समुद्राचा तळ स्वतः काही सेंटीमीटरपर्यंत दबतो. उपग्रहाला दिसते ती पृथ्वीच्या केंद्रापासूनची उंची, गेजला दिसते ती जमिनीपासूनची. मॉडेलच्या फायलींत सागरी भरती आणि भाराची भरती वेगळ्या असतात. गेजशी तुलना करताना फक्त सागरी भरती घ्या.

डेल्फ्ट३डी, किंवा त्याच जातीतली एडसर्क आणि रॉम्स, कधी? किनारा सरळ नसेल तेव्हा: खाडी, बेटं, वाळूचे पट्टे. पण त्यांची खरी भूक खोलीच्या डेटाची असते. भरतीच्या लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळावर ठरतो. १० मीटर पाण्यात ५० किलोमीटर जायला ८४ मिनिटं लागतात, खोली ८ मीटर असेल तर ९४. नकाशातली दोन मीटरची चूक म्हणजे १० मिनिटं, म्हणजे वर सांगितलेले तेच १३ सेंटीमीटर. एकाच गेजवर ही चूक आणि घड्याळाची चूक हुबेहूब सारखी दिसतात, कारण दोन्हींत सगळे घटक सारख्याच वेळेनं सरकतात. फरक असा की घड्याळाची चूक एका गेजपुरती असते आणि एखाद्या तारखेला उगवते, तर खोलीची चूक कायम असते आणि आत जावं तशी वाढत जाते. एकच गेज असेल आणि त्याचं घड्याळ सुरुवातीपासूनच चुकलेलं असेल, तर तुम्हाला हा निवाडा करता येणार नाही. घर्षण फिरवून जुळवलेलं मॉडेल मग दुसऱ्या ठिकाणी तोंडावर आपटतं.

ओटीआयएस चांगलं आहे, टीपीएक्सओ त्याच घरातलं. पण त्याला आत घ्यायला भरपूर निरीक्षणं हवीत: अल्टिमीटरच्या वाटा, अनेक गेज. एका गेजवर ते चालवणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

त्यापेक्षा तेवढ्याच श्रमात, किनाऱ्याच्या दूरच्या टोकाला एक प्रेशर सेन्सर ३५ दिवस पाण्यात बसवा. तेवढ्यात एम२, एस२, एन२, के१, ओ१ वेगळे निघतील. के२ आणि पी१ निघणार नाहीत, ते इन्फरन्सनं, म्हणजे दुसऱ्या घटकाशी असलेल्या गुणोत्तरावरून, घ्यायचे. सैद्धांतिक गुणोत्तरं आहेत, के२ म्हणजे एस२ च्या ०.२७२ पट आणि पी१ म्हणजे के१ च्या ०.३३१ पट, पण तुमच्या गेजच्या १४ महिन्यांतून निघालेली गुणोत्तरं आणि फेजचे फरक त्यांहून बरे. सेन्सर हवेला बंद असेल तर त्याच्या नोंदीतून हवेचा दाब वजा करायला विसरू नका. बसवताना एकदा आणि काढताना एकदा, सेन्सरच्या घड्याळातली वेळ यूटीसीशी (जागतिक प्रमाण वेळेशी) ताडून सेकंदासह वहीत लिहा.